हक्क घटनेत जरूर लिहा, ‘कठोर छाननी’ लिहू नका

८ नोव्हेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या मतदारांनी आपल्या घटनेत तीन वाक्यांचे एक नवे कलम घातले. पहिले वाक्य सांगते की शस्त्रे जवळ ठेवण्याच्या आणि बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा येता कामा नये. दुसरे सांगते की हा मूलभूत, वैयक्तिक हक्क आहे. तिसरे सांगते की या हक्कावरचे कोणतेही बंधन ‘कठोर छाननी’च्या, म्हणजे न्यायालयांच्या सर्वांत कडक तपासणीच्या, कसोटीला उतरले पाहिजे. सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला. पहिली दोन वाक्ये घटनेत असण्यात काही वावगे नाही. तिसरे वाक्य तिथे नको होते. ज्या राज्यांत असे वाक्य अजून आलेले नाही, तिथल्या मतदारांनी ते नाकारावे, अशी या लेखाची भूमिका आहे.

आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. मराठीत ‘राज्यघटना’ म्हटले की आपल्यासमोर भारताचे संविधान येते. अमेरिकेत देशाच्या संविधानाखेरीज पन्नासही राज्यांना आपापली स्वतंत्र घटना आहे, आणि तिचा अंतिम अर्थ त्या राज्याचे सर्वोच्च न्यायालय लावते. देशाच्या संविधानातली दुसरी घटनादुरुस्ती १७९१ ची, ती सर्वांना ठाऊक असते. त्याशिवाय आयोवा धरून ४५ राज्यांच्या घटनांत शस्त्रहक्काचे स्वतःचे कलम आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड आणि मिनेसोटा ही पाच राज्ये उरली. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात मराठी घरे भरपूर आहेत, त्यांतल्या अनेकांनी तिथले नागरिकत्व घेतले आहे. असा प्रश्न उद्या त्यांच्याही मतपत्रिकेवर येऊ शकतो.

देशाचे संविधान असताना राज्याच्या घटनेत तेच पुन्हा कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नाला चांगले उत्तर आहे आणि ते मनापासून मान्य केले पाहिजे. दुसरी घटनादुरुस्ती व्यक्तीला हक्क देते हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे सांगितले ते २००८ मध्ये, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. तो हक्क राज्य सरकारांवरही बंधनकारक आहे हे ठरले २०१० मध्ये, शिकागोच्या मॅकडोनाल्ड खटल्यात. तेही पाच विरुद्ध चार. एका न्यायमूर्तीच्या मताने आलेली गोष्ट एका मताने जाऊही शकते. आपला हक्क आपल्या घरच्या दस्तऐवजातही असावा असे एखाद्या राज्याच्या लोकांना वाटले, तर ते रास्तच आहे.

याचा प्रत्यक्ष उपयोगही झालेला आहे. विस्कॉन्सिनने १९९८ मध्ये सुमारे ७४ टक्के मतांनी एक ओळ घातली: सुरक्षा, संरक्षण, शिकार, करमणूक किंवा अन्य कोणत्याही कायदेशीर कारणासाठी शस्त्रे ठेवण्याचा आणि बाळगण्याचा लोकांना हक्क आहे. त्या राज्यात तेव्हा शस्त्र झाकून बाळगण्यावर सरसकट बंदी होती, परवान्याची सोयच नव्हती. मिलवॉकीच्या गुन्हेगारीने ग्रासलेल्या भागात किराणा दुकान चालवणाऱ्या एका माणसावर, स्वतःच्याच दुकानात पिस्तूल खिशात ठेवल्याबद्दल खटला झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये नव्या कलमाचा आधार घेऊन त्याची बाजू उचलून धरली: ज्याने आपल्या मालकीच्या दुकानात आत्मरक्षणासाठी शस्त्र ठेवायचे, त्याने ते उघड्यावर मांडून ठेवावे अशी अपेक्षा कायदा करू शकत नाही. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दुसऱ्या खटल्यात, मोटारीत भरलेले पिस्तूल लपवून फिरणाऱ्याची शिक्षा मात्र कायम केली. दोन माणसे, एक कलम आणि दोन वेगळे निकाल, दोन्ही समजण्यासारखे. डेलावेअरच्या न्यायालयाने २०१४ मध्ये सरकारी वसाहतींच्या सामायिक जागांत शस्त्र बाळगण्यावरची बंदी आणि २०१७ मध्ये राज्याच्या उद्यानांतली बंदी आपल्याच घटनेच्या आधारे रद्द केली. सरकारी घरात राहणाऱ्या गरिबाचा हक्क खासगी घरात राहणाऱ्यापेक्षा कमी का असावा, हा पहिल्या खटल्यातला प्रश्न होता. तो विचारायला हवाच होता.

यातली मुख्य गोष्ट अशी की विस्कॉन्सिन किंवा डेलावेअर, दोहोंच्या कलमांत कुठेही ‘कठोर छाननी’ हे शब्द नाहीत. कुठल्या तराजूत तोलायचे हे न्यायालयांनी स्वतः ठरवले. विस्कॉन्सिनने सरकारचा नियमनाचा अधिकार वाजवी रीतीने वापरला गेला का, हे पाहिले. डेलावेअरने कठोर छाननीहून सैल, मधल्या पातळीची छाननी वापरली. तरीही हक्क निर्जीव राहिला नाही.

आता ही कठोर छाननी म्हणजे काय ते बारकाईने पाहू, कारण मतपत्रिकेवर ती कुणी समजावून सांगत नाही. ही घटनेतली संज्ञा नव्हे. न्यायालयांनी वंशभेद आणि भाषणस्वातंत्र्याच्या खटल्यांतून घडवलेली ती कसोटी आहे. एरवी कायद्याला आव्हान देणाऱ्याला तो गैरवाजवी आहे हे दाखवावे लागते. इथे ओझे उलटते. सरकारला सिद्ध करावे लागते की कायद्यामागे अत्यंत निकडीचे सार्वजनिक हित आहे, कायदा नेमका तेवढ्यापुरता बेतलेला आहे, आणि याहून कमी जाचक उपायाने ते काम झाले नसते.

एखादे राज्य नियम करते असे समजा: बंदूक चोरीला गेली तर मालकाने ४८ तासांत पोलिसांना कळवावे. वाजवीपणाच्या कसोटीत सरकारी वकील सांगतो की चोरीच्या बंदुका गुन्ह्यांत वापरल्या जातात, मुदत पाळता येण्याजोगी आहे, आणि विषय संपतो. कठोर छाननीत समोरचा वकील विचारतो: ४८ तासच का? ७२ का नाहीत? केवळ पिस्तुलांपुरता नियम पुरला नसता का? दंडाऐवजी ताकीद चालली नसती का? प्रत्येक प्रश्नाला पुरावा द्यायचा, तज्ज्ञ उभे करायचे, आकडे मांडायचे. ही झाली एका नियमाची गोष्ट. कलम मात्र ‘कोणतेही बंधन’ म्हणते. त्यात खरेदीआधीची पार्श्वभूमी तपासणी येते, प्रतीक्षेचे दिवस येतात, शाळेच्या आवारातली बंदी येते, कौटुंबिक हिंसाचार करणाऱ्याकडून शस्त्र काढून घेणे येते. शिवाय हे आव्हान मोठ्या संघटनांनी मोठ्या वकिलांकरवीच द्यावे लागते असेही नाही. शस्त्र बाळगल्याच्या साध्या फौजदारी खटल्यातला आरोपीही ते पहिल्या तारखेला देऊ शकतो, आणि मग एखाद्या लहानशा काउंटीतल्या, दोन-तीन सहायक असलेल्या सरकारी वकिलाला घटनात्मक युक्तिवाद लिहीत बसावे लागते.

हे कल्पनेतले भय नाही. लुइझियानाने २०१२ मध्ये सुमारे ७३ टक्के मतांनी आपले १९७४ चे कलम बदलले. जुन्या कलमात, शस्त्र झाकून बाळगण्यास मनाई करणारे कायदे करता येतील, अशी सूट होती. ती काढली आणि कठोर छाननी घातली. काही महिन्यांतच, मार्च २०१३ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या एका न्यायाधीशांनी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना शस्त्रबंदी करणारा राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्या कायद्याखाली खटले चालू असलेल्या प्रत्येक आरोपीच्या वकिलाने तो निकाल लगेच पुढे केला, तर नवल नव्हते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, पण आधी फक्त ज्यांची शिक्षा वा देखरेख अजून संपलेली नाही त्यांच्यापुरता. शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांचे काय, याचे उत्तर यायला २०१४ उजाडले. अल्पवयीनांवरच्या बंदीसाठी वेगळा खटला लढावा लागला. शेवटी सगळे कायदे टिकले.

मिझुरीचा धडा आणखी बोलका आहे. तिथे ऑगस्ट २०१४ मध्ये सुमारे ६१ टक्के मतांनी दुरुस्ती झाली. मतपत्रिकेवरच्या सारांशात विचारले होते की शस्त्रहक्क अविच्छेद्य आहे आणि तो जपणे सरकारचे कर्तव्य आहे, असे घटनेत घालावे का. कठोर छाननीचा त्यात उल्लेख नव्हता. त्यावर खटला झाला. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सारांश ग्राह्य धरला, आणि त्यासाठी दिलेल्या कारणात म्हटले की कठोर छाननी आधीपासूनच लागू झाली असती, दुरुस्तीने तिथे फारसे नवे काही केले नाही! म्हणजे दुरुस्तीचा जो शब्द सर्वांत जड, तो मतदाराला दाखवला गेला नाही; आणि नंतर सांगितले गेले की तो नसता तरी चालले असते.

त्याच मिझुरीच्या कलमात मसुदा लिहिणाऱ्यांनी आणखी एक फट ठेवली. ‘हिंसक गुन्ह्यात दोषी ठरलेल्यां’वर बंधने घालण्यास विधिमंडळाला आडकाठी नाही, असे त्यांनी मुद्दाम लिहिले. हेतू चांगला होता. पण अपवादात एकाचे नाव घेतले की ज्याचे घेतले नाही तो पुढे येतो. राज्याचा कायदा २००८ पासून सगळ्याच गंभीर गुन्हेगारांना शस्त्रबंदी करत होता. अमली पदार्थांच्या किंवा अन्य अहिंसक गुन्ह्यांतले आरोपी लगेच म्हणू लागले की घटना फक्त हिंसकांबद्दल बोलते, आम्हाला वगळा. न्यायालयाने ते मान्य केले नाही, पण त्यासाठी एकामागून एक खटले लढावे लागले. कलम लिहिताना यादी करण्याचा मोह टाळावा, तो यासाठी.

कठोर छाननीचे समर्थक इथे म्हणतील की पाहा, सगळे कायदे टिकले, मग तुमची तक्रार काय? तक्रार हीच आहे. न्यायालय ही कसोटी शब्दशः घेईल तर पार्श्वभूमी तपासणीसारखे, बंदूकधारकांतही पुष्कळांना मान्य असणारे नियम पडतील, आणि विधिमंडळाला ते पुन्हा करता येणार नाहीत. न्यायालय कसोटी सैल करून सगळे टिकवील, तर मतदाराला जे वचन दिले ते पोकळ ठरेल, शिवाय वंशभेदाच्या आणि भाषणस्वातंत्र्याच्या खटल्यांत जी धार लागते तीही बोथट होईल, कारण संज्ञा एकच आहे. दोन्ही वाटांनी नुकसानच आहे. यातून फायदा होतो तो फक्त तारखांचा.

आयोवाकडे परत येऊ, कारण तिथे वेळेचा जो खेळ झाला तो सगळ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. आयोवाची घटना बदलायची तर एकच मसुदा लागोपाठच्या दोन विधिमंडळांनी, मध्ये सार्वत्रिक निवडणूक होऊन, मंजूर करावा लागतो. पहिल्या मंजुरीनंतर तो त्या निवडणुकीच्या तीन महिने आधी वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा लागतो. मग तो मतदारांपुढे जातो. शस्त्रहक्काचा मसुदा २०१८ मध्ये पहिल्यांदा मंजूर झाला. राज्य सचिवांच्या कार्यालयाकडून तो वेळेत प्रसिद्ध करायचा राहून गेला. सचिवांनी जाहीर माफी मागितली, पण प्रक्रिया तिथेच बाद झाली. २०१९ मध्ये पहिली पायरी पुन्हा, जानेवारी २०२१ मध्ये दुसरी, आणि मतदान २०२२ ला. एका राहिलेल्या जाहिरातीने दोन वर्षे गेली.

या दोन वर्षांत पायाखालची जमीन सरकली. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रांच्या खटल्यांतून छाननीच्या पायऱ्याच काढून टाकल्या. कठोर, मधली, सौम्य, काहीच नाही. आजचा कायदा देशाच्या ऐतिहासिक नियमनपरंपरेत बसतो का, एवढेच पाहायचे. म्हणजे आयोवाने नोव्हेंबरमध्ये जी कसोटी घटनेत कोरली, ती संघराज्याच्या न्यायालयाने साडेचार महिन्यांपूर्वी या विषयापुरती मोडीत काढली होती. मसुद्यातला स्वल्पविरामही बदलता येत नव्हता. बदलला असता तर पुन्हा दोन विधिमंडळे. आता आयोवातल्या एकाच कायद्यावर दोन आघाड्या उघडतात: एका कसोटीसाठी सरकारला अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले दाखले देणारा इतिहासकार लागतो, दुसरीसाठी आजचे आकडे मांडणारा गुन्हेशास्त्रज्ञ. ब्रुएनची कसोटीही स्थिर नाहीच. २०२४ च्या रहिमी खटल्यात त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी, कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणातली शस्त्रबंदी टिकवताना, हुबेहूब जुना दाखला नको, तत्त्व जुळले तरी पुरे, असे सांगून ती सैल केली. न्यायालय आपली कसोटी दोन वर्षांत दुरुस्त करू शकते. घटनेत कोरलेली कसोटी कोण दुरुस्त करणार?

इतिहासात डोकावले तर घटनेतले शब्द कसे वागतात याचे नमुने मिळतात. केंटकीत १८२२ मध्ये एका माणसाला गुप्ती बाळगल्याबद्दल दंड झाला. न्यायालय म्हणाले, आपल्या घटनेत हक्क सरळ आणि बिनशर्त लिहिला आहे, तेव्हा झाकून शस्त्र बाळगण्यावरची बंदी घटनाबाह्य. १८५० ची नवी घटना लिहिताना केंटकीवासीयांनी त्याच कलमात जोडले की झाकून शस्त्रे बाळगू नयेत यासाठी विधिमंडळ कायदे करू शकेल. अठ्ठावीस वर्षांचा फेरा, एका गुप्तीपायी. मेनने तर १९८७ मध्ये ‘या हक्काबद्दल कधीही प्रश्न केला जाणार नाही’ असे लिहिले. याहून कडक भाषा कुठली? तरी १९९० मध्ये तिथल्याच न्यायालयाने गुन्हेगारांवरची शस्त्रबंदी टिकवली: वाजवी नियमन म्हणजे हक्कावर प्रश्न करणे नव्हे. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेत हक्काआधी ‘फक्त पोलिसी अधिकाराच्या (म्हणजे सार्वजनिक हितासाठी नियमन करण्याच्या सरकारच्या अधिकाराच्या) अधीन राहून’ असे शब्द आहेत, आणि त्यांच्या जोरावर १९८४ मध्ये एका उपनगराने घातलेली संपूर्ण पिस्तूलबंदी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. हे दुसरे टोक. असे शब्द हक्कच गिळून टाकतात. हवाईच्या घटनेत दुसऱ्या घटनादुरुस्तीचेच शब्द आहेत, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या घटनेपुरता त्यातून वैयक्तिक हक्क निघत नाही. तेच शब्द, अर्थ उलटा.

म्हणून खरा वाद मसुद्याचा आहे. भारतीय वाचकाला यातला एक धागा ओळखीचा वाटेल. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्रे बाळगण्याचा हक्क होता; ब्रिटिशांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्धचा तो रोष होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. भारताने शस्त्रहक्क घेतला नाही, आणि ते योग्यच झाले असे म्हणता येते. पण इतर स्वातंत्र्यांसाठी कलम १९ ची जी रचना त्या सभेने केली ती पाहण्यासारखी आहे: एका उपकलमात हक्क, पुढच्या उपकलमांत ‘वाजवी निर्बंध’. ‘वाजवी’ हा शब्द ठाकूरदास भार्गव यांच्या दुरुस्तीने आला आणि त्याने दोन कामे केली. विधिमंडळाला निर्बंध घालता येतील हे मान्य केले, आणि निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासायचे दार न्यायालयाला उघडे ठेवले.

न्यू जर्सी किंवा मिनेसोटाला कलम हवेच असेल तर त्याची ठेवण अशी असावी: स्वसंरक्षण, शिकार आणि इतर कायदेशीर कारणांसाठी शस्त्रे ठेवण्याचा व बाळगण्याचा प्रत्येक व्यक्तीला हक्क आहे, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विधिमंडळ वाजवी नियमन करू शकेल, पण सामान्यतः वापरली जाणारी स्वसंरक्षणाची शस्त्रे कायद्याने पूर्णपणे बंद करू शकणार नाही. एवढे पुरे. शेवटच्या खंडाने इलिनॉयसारखी पळवाट बंद होते. मधल्या खंडाने मिलवॉकीचा दुकानदार सुटतो आणि मोटारीतला माणूस अडकतो. काडतुसे, मॅगझिन, दारूगोळा यांची यादी नको, परदेशी करारांविषयीची वाक्ये नकोत (अलाबामाने २०१४ मध्ये तशी घातली आहेत), अपवादांची नावे नकोत.

मिनेसोटाच्या मतदाराने आणखी एक लक्षात ठेवावे: तिथे दुरुस्ती मंजूर व्हायला त्या निवडणुकीत मत देणाऱ्या एकूण मतदारांचे बहुमत लागते, त्यामुळे तो प्रश्न कोरा सोडणे म्हणजे नकारच देणे. आणि राज्य कुठलेही असो, केंद्रावर जाण्याआधी दुरुस्तीचा पूर्ण मसुदा मिळवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. मिझुरीत जी ओळ महत्त्वाची होती, ती सारांशात नव्हती.